गाव आपलं, गल्ली पाहुण्यांची: देवळाशेजारी राहणाऱ्यांनो, बोला जरा

गुजरीकर:
सरळ मुद्द्यावर येतो. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवती महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, भवानी मंडप या पट्ट्यात अजून मुक्कामाला असणारं कोण कोण आहे इथं? नुसतं दुकान असणारे नव्हेत, रात्री झोपायलाही तिथंच असणारे.

आमचं घर घाटी दरवाजाच्या अंगाला, चौथी पिढी. पूर्वी गर्दी म्हणजे नवरात्र. आता शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि लगीनसराई संपली की जोडीनं येणारी नवी जोडपी. आषाढात पावसाची झड लागते तेवढंच काय ते गल्लीतून छत्री उघडी धरून सरळ चालता येतं.

गर्दीबद्दल तक्रार नाही. आई सगळ्यांची आहे. तिरुपतीला जाऊन आलेली माणसं अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं मानत नाहीत, हरिप्रिया एक्स्प्रेस भरून येते, येऊ दे. माझं दुखणं वेगळं आहे. रोजच्या जगण्याला लागणारी दुकानं एकेक करून उठली. गिरणी गेली, तिथं ओटीच्या साड्या. वाणी गेला, तिथं पेढे. इस्त्रीवाला गेला, तिथं चपला आणि मोबाईल सांभाळायचं काउंटर. सायकलवाल्याच्या जागी 'एसी रूम, चोवीस तास गरम पाणी'. दळणाला मी आता मंगळवार पेठेत जातो. परत येईपर्यंत बॅरिकेड लागलं असलं, की गाडी बाहेर लावायची आणि डबा खांद्यावर.

गेल्या नवरात्रात ऐन पंचमीला गॅस संपला. टेम्पो आत येऊ देत नाहीत, म्हणून भरलेला सिलिंडर मीच हातगाडीवर घालून आणला. बॅरिकेडवर बाहेरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला हवालदार. म्हणाला, "दर्शनाची रांग पलीकडनं." म्हटलं, "साहेब, घरी चाललोय." त्यानं सिलिंडरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आधार दाखवा." पत्ता वाचला आणि म्हणतो कसा, "हितं माणसं राहत्यात होय?" माणूस भला होता. सिलिंडर एका बाजूनं त्यानंच धरला आणि पलीकडं काढून दिला. पण त्याचा प्रश्न काय डोक्यातून जाईना.

तर सांगा, कसं जमवता? दूध, गॅस, आजारपण, लग्नकार्य, मयत. कोणी घर विकून आर.के. नगर, फुलेवाडीकडं गेला असेल तर तेही सांगा. राजकारण नको.

रंकाळवेस:
कोल्हापुरात धागा काढायचा आणि राजकारण नको म्हणायचं! नाद खुळा भावा.

समुद्र नाही म्हणून काय झालं, आम्हाला रंकाळा चौपाटी आहे, आणि चौपाटीचे सगळे भोगही आहेत. रविवारी संध्याकाळी आमच्या दारासमोर दुसऱ्याची गाडी उभी असते. 'जरा काढता का' म्हटलं तर 'पाचच मिनिटं काका' असं उत्तर येतं आणि माणूस शालिनी पॅलेसपर्यंत चक्कर मारून भेळ खाऊन येतो. आता मी खुर्ची टाकून तिथंच बसतो.

बाकी रंकाळ्याचं दुखणं निव्वळ पाहुण्यांमुळं नाही. चहूबाजूंनी वसाहती झाल्या, त्यांचं सांडपाणी नाल्यांतून तळ्यात. जलपर्णी काढायची, फोटो काढायचा, पुन्हा जलपर्णी. ते पाणी काही पुण्याच्या पाहुण्यानं सोडलेलं नाही.

ओटीवाला:
गुजरीकर, तुम्ही माझ्याबद्दलच लिहिलंय असं धरून चालतो. वाण्याच्या जागी पेढे तो मी नव्हे, पण साडी-नारळ-खण माझाच. त्याच जागेत वडिलांचं किराणा दुकान होतं. ते का बंद केलं सांगू? पेठेतलेच लोक महिन्याचा बाजार मोठ्या मॉलमधनं भरायला लागले आणि आमच्याकडं फक्त उधारीची वही आणि दहा रुपयांची मोहरी. गिरणीवाल्याचंही तेच. निम्म्या पेठेनं पिठाची पाकिटं आणायला सुरुवात केली आणि आता गिरणी बंद झाली म्हणून गळा काढताय होय?

आणि २०२० आठवा. मार्चमध्ये देऊळ बंद झालं ते पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. पुढच्या वर्षी पुन्हा बंद, ते थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. महाद्वार रोडवर भर दुपारी कुत्री झोपलेली मी बघितलीत. त्या काळात पेठेतल्या एकानंही येऊन 'एक खण द्या' म्हटलं नाही. गर्दी नको म्हणणं सोपं आहे, ज्याची चूल गर्दीवर पेटते त्याला विचारा.

गुजरीकर:
ओटीवाले, गर्दी नको असं मी म्हटलेलंच नाही. पुन्हा वाचा. पण पाकिटाचा मुद्दा लागू पडतो. आमच्या घरी गिरणीचंच येतं, शेजारच्या चार घरांबद्दल मी बोलू शकत नाही.

साखरबाव:
मी माहेरची देवबागची, तालुका मालवण, आता राजारामपुरीत. तुमचं सगळं वाचून हसू येतंय आणि थोडा रागही. रागावू नका हं, वहिनी म्हणून सांगते.

तुम्ही ज्यांना 'पाहुणे' म्हणताय ना, आमच्याकडं ते तुम्ही असता. ३१ डिसेंबरला तारकर्लीहून देवबागला जाणारा तो अरुंद रस्ता बघा. पुढची गाडी एमएच ०९, मागची एमएच ०९, मध्ये अडकलेला आमचा मासेवाला टेम्पो. काच खाली करून विचारणार, "मावशी, पापलेट थाळी कुठं चांगली मिळते?" आणि कचऱ्याची पिशवी सुरूच्या बनात.

देवबाग ज्यांनी नीट बघितलं नाही त्यांच्यासाठी: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी घराच्या मागच्या दारातनं खाडी दिसते आणि पुढच्या दारातनं समुद्र. पावसाळ्यात उधाण आलं की समुद्र जमीन खातो, म्हणून दगडी बंधारे घातलेत. वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. घरापुरता उपसा केला तर विहीर गोड राहते. एकेका वाडीत खोल्या वाढल्या, प्रत्येक खोलीला शॉवर आला, पंप दिवसभर चालायला लागला की खालचं खारं पाणी वर येतं. एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होते आणि मग टँकर. टँकरचं पाणी पहिल्यांदा पाहुण्यांच्या टाकीत, उरलं तर घरात. हे माझ्या भावाच्याच घरी. त्याच्या न्याहारी निवासाच्या चार खोल्या आहेत, त्यामुळं मीही फार बोलू शकत नाही.

रापण माहीत आहे का? किनाऱ्यावरनं होडीनं जाळं पसरत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून गावची माणसं ते ओढून काढतात. त्याला लांब मोकळा किनारा लागतो. आता त्याच किनाऱ्यावर खुर्च्या, छत्र्या, पॅरासेलिंगच्या बोटी. रापण लावायला गेलं की 'जरा थांबा, राईड चालू आहे'. मासा थांबत नाही हो.

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ला जाहीर झाला, पाठोपाठ कोकण रेल्वे आली. तेव्हा आमच्याकडं आनंदच झाला होता. 'येवा, कोकण आपलाच आसा' म्हणणारे आम्हीच. पोरं मुंबईला जायची थांबली, काही परतही आली, ही गोष्ट खरी आहे आणि ती लहान नाही. पण सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचा, कायदा १९९१पासून आहे, गावच्या भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटर ना-विकास पट्टा. त्यापायी आमच्या चुलत्यांना पडवी वाढवायला परवानगी मिळता मिळत नव्हती. पैसेवाला आला आणि त्याच वाळूवर सिमेंटच्या खोल्या उठल्या, कशा ते विचारू नका.

तुमच्या गुजरीत गिरणी गेली. आमच्याकडं रापणीची जागा जातेय.

भावा_नादच_नाय:
वैनींनी पार धुतलं आपल्याला. आमचा ग्रुप दरवर्षी जातो तारकर्लीला. रापण चालू असली तर आम्ही दोर ओढायला लागतो हां, फोटोपुरता का होईना.

साखरबाव:
ओढा ओढा. पण शेवटपर्यंत ओढा. अर्ध्यावर सोडून फोटो बघायला पळता, तिथं आमचे म्हातारे दोराबरोबर फरपटतात.

तटबंदी:
पन्हाळ्याचा आहे. आमच्याकडं गडावरच गाव आहे हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. तीन दरवाजाजवळ मी घराकडं चाललेलो असताना एकानं मला विचारलं, "तुम्ही इथले गाईड का?" भाजीची पिशवी होती हो हातात.

गडावर गाडीनं यायची मुख्य वाट एकच. रविवारी नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडायला गाड्यांची रांग लागते, त्याच रांगेत आमचे दूधवाले, शाळेची गाडी आणि एखादी बाळंतीण. जुलै २०२१च्या पावसात नाक्याजवळचा रस्ताच खचला आणि गाडीवाट बराच काळ बंद झाली. गर्दी नको म्हणणाऱ्यांनी तेव्हाचा पन्हाळा बघायला पाहिजे होता. शांतता अशी की तबक उद्यानात मोर ऐकू यायचे. आणि झुणका-भाकरी विकणाऱ्या बायका घरी बसून होत्या. गॅस खालून खांद्यावर.

आता ११ जुलै २०२५ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले. त्यात आमचा पन्हाळा आणि साखरबाव वहिनींचा सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. फटाके वाजवले, अभिमान आहेच. पण त्या आधी गावात सभा झाल्या त्या वेगळ्याच काळजीनं: घराची कौलं बदलायची तर कुणाला विचारायचं? एक खोली वाढवायची तर? अधिकारी सांगतात की काही होणार नाही, कुणाला हलवणार नाही. लेखी द्या म्हटलं की चहा येतो.

साखरबाव:
सिंधुदुर्गातही घरं आहेत हो तटाच्या आत, थोडीच. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, माझं इथलं नाव त्यावरनंच घेतलंय. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की आतल्या माणसांना महिन्यांची बेगमी करून ठेवावी लागते. पर्यटक 'वॉव, किती शांत' म्हणतात.

पुणेकर_पाहुणा:
वाचतोय आणि ओशाळतोय. दरवर्षी सहकुटुंब येतो, अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, आणि तांबडा-पांढरा. खर्चही मोकळ्या हातानं करतो. तुमची नेमकी अपेक्षा काय आहे आमच्याकडून? येऊ नये?

रंकाळवेस:
या की! फक्त मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडून या. पहिले दोन देवीचे वार, तिसरा सगळ्या महाराष्ट्राचा. सोमवारी किंवा बुधवारी पहाटे उठून गेलात तर दर्शन शांत होतं आणि आम्हीही तेव्हा जागे असतो. गाडी मुक्कामाच्या जागी ठेवा, बिंदू चौकापासून पुढं पाय आहेत. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाल तर म्हैस दारात पिळून दूध देतात ते उभ्यानं प्या आणि बाजूला व्हा, मागं रोजची गिऱ्हाईकं असतात. म्हशीबरोबर रील करायला लागलात की म्हैस बिथरते, दूध चोरते. मग गवळ्याचं तोंड सुटतं ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

शाहूपुरी_गल्ली:
सगळे देवळाबद्दल बोलताय, मी पाण्याबद्दल बोलतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ला महामार्ग बंद, शहराचा संबंध तुटला. दोन वर्षांनी २०२१ला पुन्हा घरात पाणी. तरी नदीकडच्या शेतात भराव टाकून मंगल कार्यालयं, लॉन, हॉटेलं उभी राहतच आहेत. पाहुण्यांसाठी म्हणे. नदीला पसरायला जी जागा होती ती तुम्ही उचलून उंच केली, मग ते पाणी आमच्या तळमजल्यावर येणार नाही तर कुठं जाणार?

शहराची हद्द महापालिका झाली तेव्हापासून, म्हणजे १९७२पासून, आहे तेवढीच. ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये २०११च्या जनगणनेला साडेपाच लाख माणसं. हद्दवाढ शहराला पाहिजे, गावांना नको, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. तोवर सगळं दाटतंय ते आतल्या आत.

आणि हो, पूर आला की शिवाजी पुलावर बघायला गर्दी करणारे बाहेरगावचे नसतात. तो आपला घरचा छंद.

गुजरीकर:
शाहूपुरीकर, शेवटचं वाक्य कापून ठेवावं असं आहे.

देवळाच्या विकास आराखड्याचं कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. मे २०२५ला राज्य मंत्रिमंडळानं सुमारे १४४५ कोटींना मान्यता दिली. दर्शन मंडप, पार्किंग, मोकळा परिसर, सगळं चांगलं आहे. पण मोकळा परिसर म्हणजे आत्ता जिथं आमची घरं-दुकानं आहेत तो परिसर. भूसंपादन म्हटलं की मालकाला मोबदला मिळेल. आमच्या वाड्यात पागडीवर राहणाऱ्या आजींना काय? त्यांच्याकडं वर्षानुवर्षांच्या भाडेपावत्या आहेत, सातबारा-सिटी सर्व्हेला नाव नाही.

याला मी सरसकट विरोध करत नाही. किरणोत्सवाला बघतो ना आम्ही. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी चरण, मग वर चढत शेवटच्या दिवशी मुख. ज्यानं हे देऊळ बांधलं त्यानं सूर्याचा हिशोब केला. आम्ही त्याच्या वाटेत मजले चढवले, पत्रे लावले, पाण्याच्या टाक्या ठेवल्या, फलक लावले. दरवर्षी अडथळे मोजतात, थोडे काढतात, पुन्हा उगवतात. एखाद्या वर्षी किरणं गुडघ्यापर्यंत येऊन थांबली की सगळी पेठ ढगांना शिव्या देते. ढगांचा वाटा असतोच. टाक्यांचाही असतो. तेव्हा वाट मोकळी करायला कुणाची ना नाही. एवढंच म्हणणं आहे की नकाशावर दुकान, लॉज, मंडप, पार्किंग अशा रंगांबरोबर 'राहतं घर' हाही एक रंग असावा.

ओटीवाला:
यावर मात्र मी तुमच्या बाजूला. दुकानदारांच्या बैठका झाल्या, त्यात गाळ्याच्या बदल्यात गाळा एवढंच बोललं गेलं. वर राहणाऱ्यांचं कुणी काढलं नाही. माझ्या दुकानावरच दोन बिऱ्हाडं आहेत आणि मीही काढलं नाही.

जुना_राजवाडा:
मयताचं कुणी उत्तर दिलं नाही, मी देतो. गेल्या वर्षी वडील गेले, अष्टमीला. त्या रात्री देवीची नगरप्रदक्षिणा, सगळे रस्ते माणसांनी भरलेले. सीपीआर रुग्णालय इतकं जवळ, पण अँब्युलन्स गल्लीच्या तोंडापर्यंतच येऊ शकली. वडिलांना आम्ही खुर्चीत बसवून तिथवर नेलं. दुसऱ्या दिवशी तिरडी निघाली तेव्हा वाटलं, आता या रांगेतनं कसं जायचं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. रांग आपोआप फाकली. कानडी, तेलुगू बोलणारी माणसं, हातात ओटीची ताटं, सगळ्यांनी हात जोडले. पंचगंगेवर लाकडं-शेणी महापालिकेच्या, एक रुपया लागला नाही. गावाचं हे अजून शाबूत आहे. पण खुर्चीवालं दृश्य काही मला विसरता येत नाही. रांगेसाठी वाट आखता येते, तर अँब्युलन्ससाठी एक पट्टा का नाही आखता येत?

भावा_नादच_नाय:
काका, वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

यावर एक सुचवतो. आमच्या तालमीनं गेल्या गणपतीत मिरवणूक मार्गावरच्या घरांची यादी केली होती. कुठं म्हातारी माणसं, कुठं डायलिसिसवालं, कुठं दिवस भरत आलेली. यादी आधीच पोलीस ठाण्यात नेऊन दिली. दोन-चार कार्यकर्ते बॅरिकेडवर उभे राहिले, ओळखीचा माणूस आला की लगेच सोडायचा. चाललं व्यवस्थित. नवरात्राला देवळाभोवती तसं का करू नये? पासबिस नंतर बघू, आधी घरं मोजा.

जुना_राजवाडा:
मोजायला मी आहे. जोतिबा रोडची बाजू माझ्याकडं द्या.

गुजरीकर:
घाटी दरवाजा ते गुजरी माझ्याकडं. ओटीवाले, महाद्वार रोडच्या वरच्या मजल्यांवर कोण राहतं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. पागडीवाले, भाडेकरू, सगळे घ्या, मालकच पाहिजेत असं नाही.

ओटीवाला:
घेतो. रविवारी सकाळी आठच्या आत बसू, नंतर मला गल्ल्यावरनं उठता येणार नाही. चहा माझ्याकडनं.

गुजरीकर:
ठरलं. नावं, घर नंबर इथं उघड टाकू नका, मला निरोपात पाठवा. गॅस कुठं उतरवता येईल, दूध किती वाजेपर्यंत आत येतं, अँब्युलन्स कुठल्या तोंडाला उभी राहू शकते, हे गल्लीवार लिहून आणा.

तटबंदी:
कच्चा नमुना झाला की मलाही द्या. रविवारच्या नाक्यासाठी आमच्याकडं असंच काहीतरी लागणार.

साखरबाव:
मीही येते रविवारी. माझं घर नाही तिथं, पण यादी करायची पद्धत भावाला दाखवायची आहे, मे महिन्याच्या आत. राजारामपुरीतनं येतेय, गाडी कुठं लावू?

रंकाळवेस:
चालत या, वैनी.